भुईनं मारलं की भिंतीनं?

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, एक खोली बांधायची, एवढाच विषय होता. मामेभावाचा हिशेब सरळ होता. विटेचा भाव परवडत नाही, जुन्या गावात आपल्याच घराचा दगड वेड्या बाभळीत पडून आहे, पाच ट्रॉल्या आणल्या की काम भागतं. मामा जेवता जेवता थांबले. "त्या दगडाला हात लावायचा न्हाई," एवढं म्हणून ताटातच हात धुऊन उठले.

मामांचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी इथली जमीन हलली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. गणपती बोळवून माणसं उशिरा घरी आली आणि गाढ झोपली होती. सरकारी मोजदादीप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. थोरल्या मामांच्या घरातली चौघं त्यांत होती. धाकटे मामा, म्हणजे हे, त्या रात्री राखणीला शेतात होते म्हणून राहिले. मी तेव्हा सोलापुरात चौथीत होते. आज मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते, आणि दगडी घरं भूकंपात कशी वागतात हाच माझा विषय आहे. तो का निवडला, हे मला कुणी विचारलं तर मी या गावाचं नाव सांगते.

मामा गवंडी. पंचक्रोशीत त्यांच्या हाताला नाव होतं. ओळंबा अजून पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. भूकंपानंतर मिळालेलं पक्कं घर शेजारीच आहे, मुलगा-सून त्यात राहतात. मामा मात्र त्या पहाटेपासून आजवर पत्र्याखालीच झोपतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले. मामी चुलीवर भाकरी करत होत्या. मामा बाजेवर बसले होते. विषय मीच काढला.

"मामा, दगड चांगला आहे. बांधायची रीत बदलली तर खोली टिकेल."

"तू कॉलेजात शिकवतीस, तुला ठाऊक असंल. पण म्या डोळ्यानं बगितलंय माय. दोनशे वर्सांची गढी पडली, तशी नवी घरं बी पडली. घर भुईवर उभं असतंय. भुईच हलली तर घरानं जावं कुठं? भुईच्या मनात आलं की तू काय बी बांध."

"भुईला मन नसतं."

"मग आत गुरगुरतंय ते काय हाय? अजून आवाज येत्यात. रातच्याला समदं गाव अंगणात येतंय."

हे खरं आहे. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येत होते, बारीक धक्के बसत होते आणि माणसं रात्र रात्र बाहेर बसून काढत होती. किल्लारी परिसरातही असे आवाज अधूनमधून येतात. खाली पोकळी झाली आहे, एक दिवस सगळं आत जाईल, अशी भीती कितीतरी घरांत आहे. तिला हसण्यात अर्थ नाही. ज्यांच्या अंगावर एकदा घर पडलं आहे, ते आवाजाला भिणारच.

"पोकळी नाही मामा. तुम्ही विहिरींची कामं केलीत. खोदत गेलं की काय काय लागतं?"

मामांना हा प्रश्न आवडला. "वर काळी. मग मुरूम. मग कातळ. कातळाखाली कुठं मांजऱ्या लागतो, कुठं गेरूवानी तांबडा पट्टा. मग परत कातळ."

"कातळाचा एकेक थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोट. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो वाहिला, थिजला, त्यावर माती धरली, मग दुसरा लोट आला आणि ती माती भाजून तांबडी झाली. तोच तुमचा गेरूचा पट्टा. सह्याद्रीकडे हे थर एकावर एक हजार मीटरच्या वर चढलेत. इकडे पातळ होत आलेत. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ खोल भोक पाडलं, तर साधारण ३४० मीटरवर कातळ संपला."

"आन् खाली?"

"त्याहून किती तरी जुना खडक. दोनशे कोटी वर्षांच्या पलीकडचा. भरीव. पण त्यात जुन्या चिरा आहेत आणि वरून लाव्हा पसरल्यामुळे त्या दिसत नाहीत. आपला हा सगळा भूखंड उत्तरेकडे सरकतोय, वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर. तीन बोटं धरा. समोर आशिया अडवून उभा आहे. त्या रेट्यानं हिमालय वर आला."

"मग हलू दे की हिमालयात. इथं काहून?"

"गाडीत कडबा दाबून भरताना तुम्ही मागून रेटा देता. फुटते कुठली पेंढी? पुढचीच फुटते असं नाही. मधली एखादी सैल बांधलेली असली तर तीच सुटते. किल्लारीखाली अशी एक सैल जागा होती. दहा किलोमीटरच्या आतच, म्हणजे भूकंपाच्या मानानं उथळ. म्हणून हादरा वर जोरात आला."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लोक म्हनत्यात तेरणेच्या धरणानं झालं. कोयनेला झालं तसं."

कोयनेचं उदाहरण जगभर शिकवलं जातं. १०३ मीटर उंचीचं धरण, १९६२ च्या सुमारास पाणी साठायला लागलं आणि त्यानंतर लवकरच परिसरात धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. नंतर ते मजबूत केलं. साठलेल्या पाण्याचा भार आणि चिरांत मुरणारं पाणी, यांनी आधीच ताणलेला खडक सुटतो, हे तिथल्या अनेक वर्षांच्या नोंदींनी दाखवलं. पुढे गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडून त्याचा अभ्यास झाला. तेरणेवरच्या या माकणीच्या धरणाबद्दल मात्र शास्त्रज्ञांचं तसं एकमत झालेलं नाही. मी मामांना हे जसंच्या तसं सांगितलं. पाण्यानं चिथावणी मिळते, पण ताण आधीचाच असतो.

"बरं," मामा म्हणाले. आवाज आता कडक झाला होता. "समदं ठाऊक हाय तुमच्या लोकास्नी. मग आदल्या वर्सी दिवाळीच्या आगं-मागं हादरे बसले तवा काय केलं? आमी अंगणात झोपलाव. अर्ज दिले. साहेब आले, घाबरू नका म्हनाले, आन् गेले. लोकं किती दिवस अंगणात झोपतील? परत घरात गेले."

त्यावर माझ्याकडे पुरेसं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९९२ मध्ये किल्लारीत धक्क्यांची मालिका झाली होती. असे धक्के पुष्कळदा येतात आणि काहीही न होता विरून जातात. मोठा भूकंप कुठल्या दिवशी येणार हे सांगण्याची विद्या तेव्हा नव्हती, आताही नाही. त्या वेळच्या भूकंप-नकाशावर हा भाग विभाग एकमध्ये होता, म्हणजे देशातला सगळ्यात कमी धोक्याचा पट्टा. किल्लारीनंतर तो विभागच नकाशावरून गेला आणि हा भाग तिसऱ्या विभागात आला. पण मामांचा मुद्दा दिवस सांगण्याचा नव्हताच. दिवस सांगता येत नव्हता, भिंतीबद्दल सांगता येत होतं. दगड-मातीची जाड भिंत हादऱ्यात कशी फुटते, हे पुस्तकांत होतं. ते सांगायला गवंड्यापर्यंत कुणी आलं नाही. मी हे कबूल केलं.

"आन् भुई पहाटंच मारती," मामा म्हणाले. "कोयनेला पहाट. इथं पहाट. झोपल्या माणसाला."

"भूजला सकाळचे पावणेनऊ झाले होते मामा, २६ जानेवारी, झेंडावंदनाची वेळ. भुईला घड्याळ नाही. पण पहाटेचीच एक गोष्ट सांगते. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. पहाटे साडेचार वाजता. माणसं अशीच झोपलेली. आपला ६.२ चा होता, तो ६.७ चा. सुटलेली ताकद आपल्या पाचपटीहून जास्त. वर लाखांची वस्ती. गेली किती? साठच्या आसपास."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "साठ हजार?"

"साठ."

चुलीपाशी मामींचा हात थांबला.

"कसं काय?"

"तिथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. हलकी. हलतात, वाकतात, तडकतात, पण माणसावर टनावारी दगड येत नाही. एक मोठी इमारत खाली बसली तिथंच सोळा जण गेले."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मामा स्वतःच म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपले बी खांब उभे व्हते."

मला हे ठाऊक होतं. आईनं सांगितलं होतं. मी मुद्दाम बोलले नव्हते.

"म्या पळत आलाव तवा फटफटत व्हतं. धुरळा खाली बसलालता. दादाच्या घराचे सागवानी खांब, वरच्या तुळया, जागच्या जागी. लग्नाच्या मांडवावानी. आन् खाली समदा दगड."

किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, सगळीकडे हे दृश्य कितीतरी घरांत होतं. एकाच जमिनीनं खांबाला आणि भिंतीला सारखंच हलवलं होतं.

"माझी भिंत ओळंब्यात व्हती पोरी. एका सुताचा फरक न्हवता."

"ओळंब्यात होती मामा. सरळ होती. जाडी किती होती?"

"अडीच फूट. दादाची तीन."

मी उठून चुलीपाशी गेले. मामींनी नुकतीच निखाऱ्यावर भाकरी फुगवली होती, टम्म. मी ती ताटलीत घेऊन मामांच्या पुढ्यात धरली आणि कडेनं पापुद्रा उचलला. वाफ निघाली, वरचा पापुद्रा वेगळा, खालचा वेगळा.

"बाहेरून मोठ्या दगडांचा एक चेहरा. आतून एक चेहरा. मध्ये माती, कपच्या, बारीक भर. बघणाऱ्याला तीन फुटांची एक भिंत दिसते. असतात दोन, एकमेकींना न धरलेल्या. हादरा बसला की मधली भर खाली बसते आणि दोन्ही चेहऱ्यांना बाहेर ढकलते. एक चेहरा गल्लीत पडतो, एक घरात. भिंत जाड केली की भर वाढते, म्हणजे धोकाच वाढतो. कोपऱ्यातही हीच गत, एक भिंत दुसरीत गुंतलेली नाही. आणि वर माळवद."

"माळवदानं उन्हाळा निभतो."

"निभतो. पण दरसाल मिरगाच्या आधी गळतीला पांढरी माती टाकली, जुनी कधी काढली नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेचार टन, मामा. दोन फूट झाली की नऊ."

मामांनी भाकरी माझ्या हातातून घेतली. पापुद्रा परत तिच्यावर ठेवला, बोटानं दाबला, परत उचलला. दोन-तीनदा तेच केलं.

"म्हंजे माझ्या हातानं," ते म्हणाले.

त्यांच्या मनात हे किती वर्षं होतं कोण जाणे. दादाची भिंत त्यांनीच बांधली होती, १९८४ साली. भुईनं मारलं, असं म्हणत राहिलं की हे वाक्य तोंडाला आणावं लागत नव्हतं. मी शिकलेलं शास्त्र घेऊन आले आणि ते त्यांच्या तोंडून काढलं. त्या क्षणी मला माझ्या शिक्षणाचा आनंद झाला नाही.

"तुमच्या वडिलांनी अशीच बांधली. त्यांच्या वडिलांनी अशीच. आठवणीत कुणी असा भूकंप पाहिला नव्हता. ज्यांनी नकाशा काढला त्यांनी सांगितलं, इथं धोका नाही. मग गवंड्याला कसं कळावं?"

"नकाशा तुमच्या लोकांचा."

"हो. आमचा."

मामी मध्येच म्हणाल्या, "जेवा आता. निवलालंय."

जेवताना मी विषय काढला नाही. मामांनी काढला, आणि आता गवंडी बोलत होता. "दोनी चेहऱ्यास्नी धरायचं कसं?"

"भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड. दर दोन फूट उंचीला एक ओळ, आणि ओळीत चार-चार फुटांवर एक. लांब दगड मिळाला नाही तर काँक्रीटचा ठोकळा ओतून घालायचा. भिंत दीड फुटाच्या वर जाड नको, सव्वा फूट पुरे. गोटा वापरायचा नाही, फोडून चपटा करायचा. कोपऱ्यात दगड एकदा इकडून, एकदा तिकडून, गुंतवत न्यायचा. माती नाही, सिमेंटचा माल. आणि दार-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना एकसलग काँक्रीटचा पट्टा, आत सळई. कंबर बांधल्यासारखा. वर छप्पर हलकं."

"पट्ट्याची सळई कोपऱ्यात तोडायची न्हाई."

"नाही. वळवून न्यायची."

"आन् हे समदं केल्यावर भुई हलली तर पडनार न्हाई म्हन."

"तडे जातील. कदाचित मोठे जातील. पण आतल्या माणसाला बाहेर यायला वेळ मिळेल. इतकंच मी छातीवर हात ठेवून सांगू शकते."

"मग माझा पत्रा काय वाईट हाय? हलका हाय. पडला तरी डोक्याला खोक, जीव न्हाई जात."

भूकंपापुरतं मामांचं म्हणणं खरं आहे, आणि मी ते मान्य केलं. पण भूकंप एका रात्रीचा असतो आणि मे महिना दरसाल येतो. दुपारी त्या शेडमध्ये मामींना बसवत नाही. वळवाच्या वाऱ्यात गावातले पत्रे उडून लोकांना लागले आहेत. घर सगळ्या ऋतूंना पुरावं लागतं. मामांना हे पटलं की नाही, कळलं नाही. ते म्हणाले, "बघू."

त्या संध्याकाळी आम्ही तिघं नव्या गावातून चक्कर मारून आलो. भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली, रुंद रस्ते, ओळीनं घरं. घरं टिकाऊ आहेत. पण कुटुंबं वाढली तशा खोल्याही वाढल्या, आणि त्या खोल्या पाहून मला धास्ती भरली. कुठे नुसत्या विटा रचून भिंत उचललेली, वर पट्टा नाही. कुठे पक्क्या घराला टेकून जुन्या गावातलाच गोटा मातीत बसवलेला. एका ठिकाणी मामा थांबले, भिंतीच्या उघड्या टोकाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "हे बग. पापुद्रा." मग त्या घरच्या माणसाला हाक मारली आणि अर्धा तास त्याच्याशी बोलत उभे राहिले. माझं व्याख्यान त्यानं ऐकलं नसतं. मामांचं ऐकलं, कारण मामांनी आधी त्याला सांगितलं की दादाची भिंत कुणी बांधली होती.

आखाड्यावरची खोली दिवाळीनंतर झाली. दहा बाय बारा. मामेभावानं जुन्या गावातून पाच ट्रॉल्या दगड आणला. आरपारचे दगड चाळीस लागले. ते सगळे मामांनी एकेक उचलून, टेपनं मोजून निवडले आणि प्रत्येकाच्या तोंडावर चुन्याची फुली मारली, म्हणजे बाहेरून मोजता यावेत. मामी दुपारी आता तिथे बसतात. मामा अजून पत्र्याखाली झोपतात.

तुमचं गावाकडचं घर दगड-मातीचं असेल तर येत्या सुट्टीत भिंतीच्या उघड्या टोकाशी जा आणि दोन चेहऱ्यांच्या मध्ये काय आहे ते पाहा. भिंतीला पोट आलं असेल तर त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका. गवंड्याला विचारा, आरपारचे दगड किती आणि कुठे. आणि मिरगाच्या आधी माळवदावर नवी पांढरी टाकणार असाल, तर जुनी आधी उतरवा.